खिसे

पेचोरा नदी वर्षातून दोनदा कुणाचीच नसते.
बर्फ पाऊल धरत नाही, पाणी वल्हं धरत नाही,
आणि पलीकडच्या काठावर दवाखाना, पीठ, पोस्ट,
आमची थोरली लुकेर्या.

म्हणून येवग्राफनं ही वस्तू बांधली.
वस्तूच म्हणते मी. नाव म्हणावं तर पाण्यावाचून अडत नाही,
गाडी म्हणावं तर चाकं नाहीत.
तळ ॲल्युमिनियमचा, खाली जाड प्लास्टिक,
इंजिन एका उलटलेल्या सुबारूचं.
(मालक वाचला, गाडी नाही.)
पंखा मात्र स्वतः घडवला,
बर्चच्या अकरा पट्ट्या एकावर एक चिकटवून,
सबंध हिवाळा, माझ्या स्वयंपाकघरात,
कारण थंडीत सरस धरत नाही.
एका शेगडीवर सूप, दुसरीवर सरस,
आणि चमचा एकच, हे मला फार उशिरा कळलं.

मग दोन सुऱ्यांच्या धारेवर आस ठेवून
तोलत बसायचा. डावं पातं खाली जाई.
उजव्याला वार्निशचा एक हात, आणि वाळेपर्यंत थांबणं.
पुन्हा एक हात. पुन्हा थांबणं.
एवढा धीर माणसात असतो
हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझा लाल रुमाल खाल्ला.
पंख्यानं.
जाळी विरळ होती. पात्याचं टोक फुटलं
आणि पार्फिरीच्या कोठाराच्या दारात जाऊन रुतलं,
छातीच्या उंचीवर.
कुणी काही बोललं नाही.
पार्फिरीनं ते उपटलं नाही. अजून तिथंच टोपी टांगतो.

जाळी मग दाट झाली, बोट शिरणार नाही इतकी,
आणि मला काम मिळालं.
काठावर एनॅमलचं भांडं घेऊन उभी राहते.
बसणाऱ्यानं खिसे रिकामे करायचे:
नाणी, चाव्या, सूर्यफुलाच्या बिया,
झोसिमाच्या बायकोचा पडलेला दात,
मास्तरांचं एक पत्र, जे मी वाचलं नाही.
वाचलं, पण सांगणार नाही.
सुटं ते सगळं मागं जातं,
आणि मागं पंखा आहे.

येवग्राफ धाकट्याला शिकवतो तेव्हा मी ऐकते.
दोरी मनगटाला. तू पडलास तर इंजिन मेलं पाहिजे.
पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कुत्रासुद्धा.
ब्रेक नाही. मागं घेणं नाही.
थांबायचं ते शंभर हात आधी ठरव.
आणि गॅस सोडलास की सुकाणू मुकं होतं,
म्हणून भीती वाटली तर वाटू दे,
हात ढिला सोडू नकोस.

या मे महिन्यात लुकेर्याचे दिवस भरले.
फोनवर जावई नुसता श्वास घेत होता.
बर्फाला करड्या भेगा, त्यांतून पाणी वर येत होतं.
आठ वर्षांत मी कधी बसले नव्हते.

भांडं पार्फिरीनं धरलं.
चष्म्याला दोरी, रुमाल कोटाच्या आत.
डावा खिसा: किल्ली, खडीसाखर.
उजवा: काही नाही.
पार्फिरी म्हणाला, आतला?

आतल्या खिशात एक नट होता.
आसाचा, उलट्या आट्यांचा.
दोन वसंतांपूर्वी चार दिवस त्यानं शोधला,
दोऱ्याला चुंबक बांधून अंगणभर फिरला,
मांजराला शिव्या घातल्या,
शेवटी उख्ताहून नवा करून आणवला.
तोवर नदी वाहती झाली होती.

एक नट नसला
तर एक माणूस घरी राहतो,
एवढाच माझा हिशेब होता.

भांड्यात तो मोठ्यानं वाजला.
येवग्राफनं उचलला, फिरवला, उजेडाकडे धरला.
‘उलट्या आट्या,’ म्हणाला.
खिशात टाकायला निघाला, मग थांबला,
परत भांड्यात ठेवला.

मग कानांची जाड झाकणं स्वतःच्या हातानं
माझ्या डोक्यावर बसवली,
आणि काहीतरी बोलला.
ओठ बराच वेळ हलत होते.